गठ्ठ्याची सुलट बाजू

मर्लच्या दुकानामागच्या आवारात दोन यंत्रं उभी होती, आणि त्यांतलं जास्त वाईट यंत्र मला हवं होतं.

वाईट म्हणजे कुट्टीचं. ट्रॅक्टरमागे ओढायचं, गवताचा गोल गठ्ठा त्याच्या पोटात टाकायचा, आतली पाती तो फाडतात आणि एका बाजूनं भिरकावून देतात. आवाज एवढा की गाई आधी पळतात आणि मग जेवायला येतात. आणि वारा असला की गवतातली चांगली पानं थेट शेजाऱ्याच्या कुंपणाला. आमच्या या उत्तर मोंटानात वारा कधी नसतो ते मला कुणीतरी सांगा.

"हे?" माझा भाऊ ऑरिन म्हणाला. "सिग्नी, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? चांगल्या गवताचा भुगा करायला मी उन्हाळाभर कापणी करतो काय?"

"गाईंना दात कमी लागतात त्यानं. आपल्या निम्म्या गाई म्हाताऱ्या आहेत."

"गाईंचे दात तू कधीपासून मोजायला लागलीस?"

मर्ल हसला. दुकानदार माणूस, दोघांपैकी कुणीही जिंकलं तरी त्याचा फायदाच. तो म्हणाला, "ताईंचं म्हणणं अगदीच चूक नाही, ऑरिन. पण तुमच्यासारख्यांना खरं तर हे बरं." आणि त्यानं ऑरिनला आधीपासून हवी होती त्या वस्तूवर थाप मारली. पिकअपच्या पाठीवर बसवायचे दोन लोखंडी हात. हे हात गठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी धरतात, उचलतात, रानात नेऊन जमिनीला टेकवतात, आणि गाडी हळूहळू पुढे घेतली की गवत मागे लांबच्या लांब उलगडत जातं. आवाज नाही, धूळ नाही. गाई रांगेत उभ्या राहून शहाण्यासारख्या खातात. आमच्या जुन्या गाडीवर असेच हात होते. वसंतात त्यांतला एक मोडला आणि वेल्डिंगवाल्यानं हात टेकले, म्हणून तर आम्ही इथे आलो होतो.

यंत्र चांगलंच होतं. पण त्याला एक खोड आहे. गुंडाळलेली सतरंजी एकाच बाजूनं उलगडते, दुसऱ्या बाजूनं ढकलली तर ती आणखी घट्ट होते. गठ्ठ्याचंही तसंच. तो कोणत्या बाजूनं उचलायचा ते त्याच्या गोल तोंडाकडे बघून कळतं, गवत कुठल्या दिशेनं गुंडाळलंय ते तिथे दिसतं. आमच्याकडे हे कुणी शिकवत नाही. लहानपणी बाबांच्या मांडीवर बसून गाडी हाकता हाकता ते आपोआप येतं, आणि मग मरेपर्यंत जात नाही.

ऑरिनचं जायला लागलं होतं.

दोन हिवाळ्यांपूर्वी त्यानं पहिल्यांदा गठ्ठा उलटा उचलला. तेव्हा मी हसले. मग पुन्हा उचलला. तो म्हणाला, हा कुणा डावखुऱ्यानं बांधलेला दिसतो. गठ्ठे तर सगळे त्यानंच बांधले होते. पुढे पुढे तो गठ्ठ्यासमोर उभा राहून बघत बसायला लागला. हात खिशात, टोपी मागे सारलेली, आणि तोंडावर असे भाव की दारात पाहुणा आलाय, चेहरा ओळखीचा आहे, पण नाव आठवत नाही. मला ते बघवेना. मग मी काय केलं, दुपारी तो जेवून आडवा झाला की मी ट्रॅक्टर घेऊन गंजीकडे जायची आणि उद्याचे गठ्ठे वळवून ठेवायची, म्हणजे तो रोजच्या वाटेनं गाडी मागे घेईल तेव्हा ते सुलटच सापडतील. गेला अख्खा हिवाळा मी हे केलं. माझी कंबर त्याची साक्ष देईल.

आम्ही दोघंच आहोत. दोघांचीही लग्नं झाली नाहीत, आणि त्याची कारणं गावातल्या लोकांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. ऑरिनचं हे एकदा बाहेर फुटलं की पुढचं सगळं मला दिसत होतं. डॉक्टर, मग गाडीचा परवाना, मग नदीकाठच्या कुरणावर डोळा ठेवून बसलेला आमचा शेजारी क्लेटन, मग लिलाव. ऑरिनकडून गाई काढून घेतल्या तर मागे काय उरेल? एक टोपी आणि एक खोकला. म्हणून मला कुट्टीचं यंत्र हवं होतं. त्याच्या पोटात गठ्ठा उलटा टाका, सुलटा टाका, ते फाडूनच काढतं. ऑरिन चुकला तरी कुणाला कळणार नाही. त्याला स्वतःलाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"चालवून तर बघू दे त्याला," मी मर्लला म्हटलं. मला वाटलं, कुट्टीच्या ट्रॅक्टरची ती काचेची उबदार खोली बघून ऑरिन विरघळेल.

"दोन्ही चालवून बघा की," मर्ल म्हणाला. "गठ्ठे मागे पडलेत. ऑरिन, आधी माझी ही हात बसवलेली गाडी घ्या."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तेवढ्यात क्लेटनही तिथे उगवला. कॉफीचा कागदी पेला, तोंडात सूर्यफुलाच्या बिया, बाजूला फोलपटं थुंकणं चालू. बोल्ट घ्यायला आलो म्हणाला. क्लेटन बोल्ट घ्यायला आला की दोन तास थांबतो.

ऑरिन गाडीत बसला. गाडी मागे घेण्यात त्याचा हात कुणी धरावा? एका फटक्यात गठ्ठ्याशी नेऊन लावली. हात उघडले, मिटले, गठ्ठा उचलला. मी त्या गठ्ठ्याच्या तोंडाकडे बघत होते. उलटा होता. मी ओरडले असते तरी काचेआड त्याला ऐकू गेलं नसतं, आणि ओरडले असते तर सगळ्यांना कळलं असतं. त्यानं गठ्ठा मोकळ्या जागेत नेऊन टेकवला, खाली उतरून सुरीनं गठ्ठ्याभोवतीची प्लास्टिकची जाळी कापून काढली, पुन्हा चढला, गाडी पुढे घेतली. गठ्ठा गोल फिरत राहिला. गवताची काडी सुटेना. आवाराच्या टोकापर्यंत तो तसाच लोळत गेला.

"अरे ऑरिन!" क्लेटन ओरडला. "गवत वाढतोयस की गठ्ठ्याला फिरायला नेतोयस?"

मर्ल हसला नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि ते मला क्लेटनच्या थट्टेपेक्षा जास्त लागलं.

"मी सांगितलं त्याला त्या बाजूनं उचल म्हणून," मी मोठ्यानं म्हटलं. "या बाजूला चिखल आहे. यंत्र बघायला आलोय, गाई कुठे उपाशी उभ्या आहेत इथे?"

"असं होय," क्लेटन म्हणाला आणि एक फोलपट थुंकला.

ऑरिन गाडीतून उतरला तेव्हा त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लहानपणी मार खाल्ल्यावर व्हायच्या तशा. तो सरळ मर्लपाशी गेला आणि म्हणाला, "हेच घेतो. पुढच्या आठवड्यात गाडीवर बसवून दे."

मला राग आला. एवढी शोभा झाली, आणि वर तेच यंत्र! परत येताना गाडी मी चालवत होते. गाव सुटेपर्यंत मी कशीबशी गप्प बसले, मग फुटलेच.

"गाढवाला गुळाची चव काय म्हणतात ते हेच. तुला कळतं का, मी ते दुसरं कशासाठी मागत होते?"

"कळतं," तो म्हणाला.

"काय कळतं?"

"गेल्या हिवाळ्यात एकही गठ्ठा उलटा निघाला नाही, सिग्नी. एकही नाही. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा निघायचा. बिघडायला लागलेला माणूस आपला आपण एवढा सुधारतो होय?" तो खिडकीबाहेर बघत होता. "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं मी समजायचो. तू तर अख्खा हिवाळा भिजवलास."

गाडी रस्त्यावर ठेवणं हेच काम झालं. समोरून एक ट्रक आला, ऑरिननं सवयीनं त्याच्याकडे बघून एक बोट वर केलं, त्यानंही केलं. आमच्याकडे रस्त्यावर ओळखीचा असो, अनोळखी असो, बोट वर करायचंच.

"बाबांचं आठवतं?" तो म्हणाला. "आई त्यांचे शर्ट उलटे घातलेले गपचूप सुलटे करायची. मी त्यांनी उघडी टाकलेली फाटकं लावत फिरायचो. तू त्यांची पत्रं लिहायचीस. सगळ्या गावाला ठाऊक होतं, एक त्यांना सोडून. आणि मग एक दिवस त्या बँकेतल्या पोरीनं सगळ्यांसमोर विचारलं, तुमच्याबरोबर कुणी आलंय का आजोबा? तेव्हा त्यांचं तोंड कसं झालं होतं ते मी बघितलंय. मला तसं सगळ्यात शेवटी कळायला नको."

"म्हणून ते यंत्र?"

"तुझं ते कुट्टीवालं काहीही टाकलं तरी खातं. म्हणजे मी ठीक आहे की नाही हे मला कधीच कळणार नाही. हे यंत्र तसं नाही. गठ्ठा उलगडला तर मी ठीक. नाही उलगडला तर नाही. रोज सकाळी तोंडावर सांगेल. माणसं सांगत नाहीत. तू नाही सांगितलंस."

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण ज्याच्यासाठी झाकलं तोच आतून ते आरवणं ऐकत बसला होता, हे मला ठाऊक नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तो म्हणाला, "रस्त्याकडे बघ."

घर येईपर्यंत त्यानं कराराची कलमं सांगून टाकली. मी गंजीला हात लावायचा नाही. मी गाडीत बसले असले तरी तोंडातून अक्षर काढायचं नाही, भुवईसुद्धा हलवायची नाही. गठ्ठा लागोपाठ चुकायला लागला की तो स्वतः किल्ली माझ्या हातात देईल, भांडण न करता. आणि तोवर मी त्याला म्हातारा समजून वागायचं नाही.

"ते तर मी तू चाळिशीत होतास तेव्हापासून समजते," मी म्हटलं.

त्या वर्षी गवत उशिरापर्यंत टिकलं. डिसेंबरात मात्र एकदम बर्फ आला आणि कुरण झाकून गेलं. वैरण घालायला सुरुवात करायचा दिवस उजाडला. मी रात्रभर नीट झोपले नव्हते. मला परीक्षेची भीती शाळेतसुद्धा कधी वाटली नव्हती, ती या वयात वाटली, तीही दुसऱ्याच्या परीक्षेची.

गंजीपाशी ऑरिन खाली उतरला. गठ्ठ्यांच्या तोंडांवर बर्फ चिकटला होता, तो त्यानं हातमोज्यानं पुसला. बघत उभा राहिला. बराच वेळ. मी गाडीत बसून समोरच्या काचेवरचा तडा बघत होते, कारण भुवई हलली तर करार मोडेल. मग तो हातानं हवेत एक गोल काढताना आरशात दिसला, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. गाडीत येऊन बसला, गाडी फिरवली आणि गंजीच्या पलीकडच्या अंगानं मागे घेतली.

खालच्या रानात गाई वाट बघत होत्या. त्यानं गठ्ठा टेकवला. जाळी काढायला मी उतरले. ते माझं काम, आणि ती जाळी गाईच्या पोटात गेली तर गाय मरते, म्हणून एक धागाही मागे ठेवायचा नाही. गोठलेली जाळी सोलून काढता काढता बोटं बधिर झाली. "चल!" मी ओरडले. गाडी पुढे सरकली.

आणि गवत सुटलं. हिरवंगार, जूनच्या वासाचं. पांढऱ्या बर्फावर त्याचा पट्टा मागे मागे पसरत गेला, कुठे गुठळी नाही, कुठे खंड नाही. गाई दोन्ही बाजूंनी लागल्या. मी जाळीचा बोळा छातीशी धरून उभी होते आणि एकटीच हसत होते. जमलं, माझ्या भावाला जमलं. मर्लला बोलवावं, क्लेटनला बोलवावं, सगळ्या काउंटीला बोलवून दाखवावं असं वाटत होतं.

एक कालवड लंगडत होती. मी तिच्यामागे गेले, खूर बघितला. बर्फाचा गोळा अडकला होता, तो पायानं ठोकरून काढला. वर बघते तर गाडी फाटकापाशी. ऑरिन उतरला, तारेचं फाटक उघडलं, गाडी बाहेर घेतली, पुन्हा उतरला, फाटक लावलं. मला वाटलं, पलीकडे गाडी वळवून घेतोय. मी हात वर करून हलवला. गाडीत चढण्याआधी त्यानं माझ्याकडे बघितलं. नक्की बघितलं. मध्ये फक्त गाई होत्या. आणि त्यानं एक बोट वर केलं.

मग गाडी टेकाडामागे गेली.

मी थांबले. येईल म्हणून थांबले. आधी चिडले, मोठ्यानं शिव्या दिल्या, गाईंनी माना वर करून ऐकल्या. मग वारा कोटाच्या आत शिरला आणि मला कळलं की तो येणार नाही. मी चालायला लागले. फाटक त्यानं इतकं पक्कं लावलं होतं की बधिर बोटांनी ते मला उघडेना, मी तारेखालून सरपटत बाहेर आले. घर तसं फार लांब नाही, उन्हाळ्यात मी हसत खेळत जाते. त्या दिवशी प्रत्येक पावलाला बूट बर्फात रुतत होता. भीती वाटत होती, पण गोठून मरायची नाही. घरी पोचायची भीती वाटत होती.

गाडी अंगणात नीट उभी होती, इंजिन गरम ठेवायची वायरसुद्धा लावलेली. ऑरिन स्वयंपाकघरात बसला होता, पुढ्यात कॉफी आणि लोणी लावलेली लेफ्सा, म्हणजे आमची बटाट्याची पातळ पोळी. तोंडभर हसला.

"कुठे फिरतेस एवढ्या थंडीत? अगं, उलगडला! पहिल्याच दिवशी! एकाच फटक्यात, टोकापासून टोकापर्यंत. तू बघायला हवं होतंस."

मी दाराशी उभी होते. पापण्यांवरचा बर्फ वितळून गालांवर येत होता.

"आणि ऐक," तो म्हणाला, "खालच्या रानात कुणीतरी उभं होतं आपल्या गाईंत. क्लेटनचा माणूस असेल. तू विचार त्याला, काय काम होतं म्हणून."

किती सोपं होतं. असेल म्हणायचं. विचारते म्हणायचं. अख्खा हिवाळा मी ट्रॅक्टर घेऊन जे केलं, ते आता एका शब्दात झालं असतं, कंबरही दुखली नसती. माझ्या काखेत अजून तो जाळीचा बोळा होता. मी तो टेबलावर ठेवला.

"मी होते ती, ऑरिन."

तो जाळीकडे बघत राहिला. मग माझ्या बुटांकडे. मग खिडकीबाहेर, गाडीकडे.

"तू माझ्याबरोबर आली होतीस?"

"हो."

"जाळी तू काढलीस."

"हो."

"पण गठ्ठा उलगडला," तो म्हणाला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल होत चालल्या होत्या. "सुलट उलगडला ना?"

"एकदम सुलट. बाबांनासुद्धा इतका कधी जमला नाही."

आमच्या करारात याला कलम नव्हतं. त्यानं खिशातून किल्ली काढली, टेबलावर जाळीशेजारी ठेवली, आणि भांडला नाही. मग उठला, माझ्यासाठी कॉफी ओतली, कप माझ्या दोन्ही हातांत नीट धरवला, आणि समोर बसून माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागला. कपाळ, नाक, हनुवटी, पुन्हा कपाळ. पाठ करत असल्यासारखा.

एरवी मी म्हटलं असतं, काय बघतोस रे मेल्या. त्या दिवशी मी त्याला बघू दिलं.